दोन स्पोर्ट्स कारचा पिकअप मोजायचाय? मग डेटा लॉगर नीट लावा

आधी माझाच गाढवपणा सांगतो, कारण हे सगळं लिहायचं कारणच ते आहे. दोन मित्र, एकाकडे टर्बोवाली, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, दुसऱ्याकडे बिनटर्बोची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी. बंद ट्रॅकवर दोघांचे ० ते १०० (थांबलेल्या गाडीला ताशी १०० किमी वेग गाठायला लागणारा वेळ) मोजले, टर्बोवाल्याचा ४.१ सेकंद आला, दुसऱ्याचा ४.३, झालं, टर्बोवाला आठवडाभर हवेत. मग एका रात्री मी सहज फाइली उघडून बसलो तर दिसलं की टर्बोवाल्याच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रोलआउट चालू होतं आणि दुसऱ्याच्या बंद, आणि दोन्ही फोन सेट करून दिले होते कुणी तर मीच. रोलआउट काढून टाकल्यावर त्याचा आकडा ४.३६ झाला, म्हणजे निकालच उलटा. त्याला फोन करून सांगताना माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजून घ्या.

तर हे रोलआउट काय प्रकरण आहे ते आधी, बाकी डबा-बिबा, म्हणजे वेग नोंदवणारा तो डेटा लॉगर, नंतर. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, गाडीचं पुढचं चाक लाइटच्या किरणात उभं असतं आणि चाक त्या किरणातून बाहेर पडलं की मगच घड्याळ सुरू होतं, म्हणजे गाडी साधारण १ फूट, ३० सेंटिमीटर, फुकटात पुढे आलेली असते. अमेरिकेत हीच पद्धत रुळली त्यामुळे तिकडचे बरेच ० ते ६० मैलाचे आकडे हा पहिला फूट वगळून दिलेले असतात. टेस्लाने मॉडेल एस प्लेडचा १.९९ सेकंद सांगितला तोही रोलआउट वजा करूनच. आता गणित करून बघा, गाडी सुरुवातीपासून सलग १ जी ने (म्हणजे वरून सोडलेली वस्तू जितक्या झपाट्याने वेग घेते तितक्या) सुटली तर पहिला फूट पार करायला जवळपास ०.२५ सेकंद लागतो आणि तोपर्यंत वेग झालेला असतो जवळजवळ ९ किमी, पण तीच जर अर्ध्या जी ने सुटली तर ०.३५ सेकंद लागतो. म्हणजे रोलआउट चालू ठेवलं की ढिली सुटणाऱ्या गाडीला जास्त सूट मिळते, चांगली सुटणारीला कमी. त्यामुळे "दोघांनाही लावलंय ना मग झालं" हे पण अर्धंच खरं. मी आता सरसकट बंद ठेवतो, आणि कुणाला ऑनलाइन आकड्यांशी तुलना करायचीच असेल तर त्याच फाइलमधून नंतर रोलआउट लावून दुसरा आकडा काढून देतो, बहुतेक अ‍ॅपमध्ये ते नंतरही करता येतं. आणि हो, ० ते ६० मैल म्हणजे ० ते ९६.५६ किमी, ० ते १०० नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवून भांडणारे लोक मी रोज बघतो.

आता डबा कुठला घ्यायचा. गाडीच्या स्पीडोमीटरकडे बघून स्टॉपवॉच दाबणार असाल तर राहू द्या, कारण नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नसतं पण जास्त दाखवलं तर चालतं, युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या नियमात तर १० टक्के अधिक ४ किमी इतकी मुभा आहे, म्हणजे काट्यावर १०० दिसतोय तेव्हा खरा वेग नव्वदीच्या आसपासही असू शकतो. ओबीडीच्या भोकात (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणारं सॉकेट) खोचायचं ते स्वस्तातलं अ‍ॅडॅप्टर वेग देतं पण पूर्णांकात, ५७ नंतर थेट ५८, मधलं काही नाही, शिवाय तो वेग शेवटी चाकांचा, टायर जागेवर फिरला तरी वाढणार. (ही खोड नंतर आपल्याच कामाला येते, खाली सांगतो.) आणि नुसत्या फोनचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच वेग सांगतो. चार सेकंदांच्या रनमध्ये चार-पाच ठिपके, त्यातून शंभरावा भाग काढणारं अ‍ॅप म्हणजे ज्योतिषच.

म्हणून वेगळा जीपीएस लॉगर. ड्रॅगीचा मूळ डबा १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १० वेळा मोजणारा, रेसलॉजिकचा व्हीबॉक्स स्पोर्ट २० चा, रेसबॉक्स मिनी २५ चा, आणि कंपन्या टेस्टिंगला वापरतात तो व्हीबॉक्स ३आय १०० चा. आता प्रश्न येतो की १० वाला चालेल का. ० ते १०० चा एक आकडा हवा असेल तर आरामात चालेल, कारण १०० च्या आसपास गाडी सेकंदाला १८ किमी वगैरे वेग घेत असेल तर दोन ठिपक्यांत १.८ किमीचंच अंतर राहतं आणि मधली रेघ सॉफ्टवेअर बरोबर ओढतं. पण लॉन्चच्या वेळी, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, नेमकं काय झालं, गिअर बदलताना किती वेळ गेला, हे ग्राफवर बघायचं असेल तर २० किंवा २५ वालाच घ्या. मला विचाराल तर आकड्यापेक्षा ग्राफच जास्त कामाचा, त्यामुळे माझं मत उघड आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "जीपीएस तर दोन-तीन मीटर चुकतो, मग वेळ कशी बरोबर येणार" असं खूप जण म्हणतात. जागा चुकते, बरोबर आहे, पण हे डबे वेग काढतात तो जागेवरून नाही, सॅटेलाइटच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी गाडीच्या हालचालीमुळे जेवढी सरकते त्यावरून, डॉप्लर म्हणतात ते, रुग्णवाहिका जवळ येताना सायरन वेगळा ऐकू येतो आणि लांब जाताना वेगळा तसंच. त्यामुळे उघड्या आकाशाखाली चांगल्या डब्याचा वेग ०.१ किमीच्या आसपास बरोबर असतो. ब्लूटूथने फोनवर पोचायला उशीर होतो त्याचीही चिंता नको, प्रत्येक ठिपक्याला सॅटेलाइटच्या घड्याळाची वेळ चिकटलेली असते, फोनवर आकडा अर्धा सेकंद उशिरा दिसला तरी रनची वेळ बदलत नाही.

आदल्या रात्रीची कामं पटकन सांगतो. डबा फुल चार्ज, फर्मवेअर अपडेट घरीच, ट्रॅकवर जाऊन अपडेट करणारा माणूस दुपारपर्यंत अपडेटच करत बसतो. युनिट किमीवर आहे का बघा, रोलआउट बंद, आणि दोन फोन वापरणार असाल तर दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून शेजारी ठेवून सेटिंग ओळ-न्-ओळ ताडून बघा. माझा गाढवपणा वर वाचलाय तुम्ही.

डबा कुठे लावायचा यात लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. अँटेना वेगळी असेल तर टपाच्या मधोमध, चुंबक असतं तिला, काठावर नाही आणि सनरूफच्या काचेवर तर नाहीच, कारण खालचा पत्रा अँटेनाला मदत करतो. टप कार्बनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर चुंबक धरणार नाही, मग चांगली टेप लावा आणि २०० च्या वेगाला ती उडणार नाही याची खात्री करा. अँटेना आतच असलेला डबा असेल तर डॅशबोर्डवर पुढच्या काचेच्या अगदी बुडाशी, वर आकाश दिसेल असा. काही गाड्यांच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा थर असतो, तो सिग्नलही अडवतो, तसल्या गाडीत सॅटेलाइट कमी दिसले तर डबा बाहेर काढा. डॅशकॅम आणि त्याची चार्जिंगची वायर लांब ठेवा, स्वस्तातले डॅशकॅम जीपीएसच्या सिग्नलमध्ये कचरा टाकतात, एकदा तासभर डोकं खाजवल्यावर डॅशकॅमची पिन काढली आणि सॅटेलाइट धडाधड वाढले. कप होल्डरमध्ये, दरवाजाच्या खणात, मांडीवर, असं कुठेही ठेवू नका. डबा हलता कामा नये, जाड डबल टेप किंवा वेल्क्रो लावा.

डब्यात अ‍ॅक्सिलरोमीटर असेल तर त्याचं तोंड पुढे आहे का बघा आणि सपाट जागेवर गाडी उभी करून कॅलिब्रेट करा. पण नुसत्या अ‍ॅक्सिलरोमीटरच्या भरवशावर वेग काढणाऱ्या अ‍ॅपवर माझा विश्वास नाही, आणि का ते सांगतो. लॉन्चला गाडीचं नाक वर उचलतं, मागचा भाग बसतो, समजा २ अंशांनी कलली, तर गुरुत्वाकर्षणाचाच ०.०३५ जी इतका भाग सेन्सरला पिकअप वाटतो. ऐकायला किरकोळ आहे पण गाडी ४ सेकंद तशीच कललेली राहिली तर शेवटच्या वेगात जवळजवळ ५ किमीची चूक होते. मऊ सस्पेन्शनची गाडी म्हणून जास्त वेगवान दिसणार, कडक सस्पेन्शनवाली मागे पडणार! जीपीएस आणि हा सेन्सर मिळून काम करत असतील तर मग उत्तम.

डबा चालू केल्या केल्या पळायला सुटू नका. सॅटेलाइट आपली कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात पाठवतात आणि सगळ्या सॅटेलाइटची मिळून पूर्ण यादी यायला १२.५ मिनिटं लागतात, त्यामुळे डबा बरेच दिवस बंद असेल किंवा लांबून प्रवास करून आणला असेल तर उघड्यावर १० ते १५ मिनिटं चालू ठेवून गाडीचं बाकीचं आवरा. सॅटेलाइट दहाच्या वर आणि एचडीओपी नावाचा आकडा (सॅटेलाइट आकाशात किती चांगले पसरलेत ते सांगणारा) असतो तो जितका कमी तितका बरा, १ च्या आसपास असेल तर निघा, २ च्या वर असेल तर थांबा. उंच भिंत, प्रेक्षकांचा स्टँड, दाट झाडी याच्या शेजारून रन सुरू करू नका. गाडी उभी असताना वेग ०.१, ०.२ असा नाचतो, ते चालतं, पण १ किमीच्या वर उड्या मारत असेल तर काहीतरी बिघडलंय, कारण घड्याळ कधी सुरू करायचं हे डबा त्यावरच ठरवतो.

जागेचं एकच सांगतो, बंद ट्रॅक, ड्रॅग स्ट्रिप किंवा परवानगी घेतलेली धावपट्टी. चालू रस्त्यावर हे करणाऱ्याला माझ्याकडून काही मदत नाही, आणि तिथे आकडाही धड येत नाही.

चढ-उताराचा मुद्दा मात्र नीट वाचा, कारण डोळ्याला सपाट दिसणारी पट्टी सपाट नसते. १ टक्का उतार म्हणजे १०० मीटरला १ मीटर, उभं राहून कळतही नाही, पण तेवढ्यावरून गाडीला ०.०९८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका फुकटचा धक्का मिळतो. पाच सेकंदांत १०० गाठणाऱ्या गाडीला त्यातून ०.०९ सेकंद मिळतात, आणि तीच गाडी १०० ते २०० ला १० सेकंद घेत असेल तर तिथे जवळपास ०.३५ सेकंद, कारण वरच्या वेगात तिचा स्वतःचा जोर कमी झालेला असतो. म्हणून ड्रॅगीसारखी अ‍ॅप १ टक्क्याहून जास्त उतारावरची रन बाद धरतात. पण डब्याने धरलेल्या उंचीवर आंधळा विश्वास नको, जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. साधा उपाय, दोन्ही दिशांनी पळवा आणि सरासरी काढा. वाऱ्याचाही बराचसा हिशोब त्यातच मिटतो. जमिनीवरच्या वेगाचे जागतिक विक्रमसुद्धा असेच धरतात, दोन्ही दिशांनी आणि तासाभराच्या आत.

गाड्यांची तयारी. इथे लोक प्रामाणिक राहत नाहीत, म्हणून मी वहीत लिहूनच घेतो. टाकीत किती पेट्रोल, कारण ६० लिटर म्हणजे साधारण ४५ किलो, म्हणजे लहानसा माणूसच शेजारी बसवल्यासारखं. डिक्की रिकामी का, स्टेपनी आहे का काढली. टायर कुठले, किती घासलेले, हवा किती आणि ती थंड असताना मोजली का गरम असताना. एसी दोघांचाही बंद. ड्रायव्हर एकच असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर वजनाच्या काट्यावर दोघांनाही उभं करा, लाजायचं काही कारण नाही. इंजिन ऑइल गरम झाल्याशिवाय लॉन्च कंट्रोल (गाडी जागेवरून जोरात सोडायला मदत करणारी सोय) बऱ्याच गाड्यांत चालूच होत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरी किती टक्क्यांवर होती ते लिहाच, ९० टक्क्यांवरची आणि ३० टक्क्यांवरची म्हणजे दोन वेगळ्या गाड्या समजा. बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणणारा मोड असेल तर तो वापरला की नाही हेही लिहा.

हवेचं म्हणाल तर १५ अंशांच्या हवेपेक्षा ३५ अंशांची हवा साधारण साडेसहा टक्के विरळ असते, आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलात की आणखी दहाएक टक्के. बिनटर्बोचं इंजिन हा मार थेट खातं, टर्बोवालं बराचसा भरून काढतं, इलेक्ट्रिक मोटरला हवाच लागत नाही. त्यामुळे एक गाडी सकाळी आणि दुसरी दुपारी मोजली तर तुम्ही दोन गाड्या नाही, दोन हवामानं मोजलीत. करेक्शन फॅक्टर लावून आकडे सुधारणारे असतात, पण बिनटर्बोसाठी बनवलेला फॅक्टर टर्बोला लावला की फुकटचे घोडे (हॉर्सपॉवर) मिळतात, मी तर लावतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा, पहिली गाडी, दुसरी, परत पहिली, परत दुसरी. एकीच्या पाच रन उरकून मग दुसरी काढायची नाही. आलटून पालटून पळवलं की ऊन वाढलं, वारा फिरला, पट्टीवर रबर बसलं, सगळं दोघींच्या वाट्याला सारखं येतं. मधला आरामही सारखाच द्या, टर्बो गाडी सलग पळवली की आत जाणारी हवा तापत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या रनपासून जोर उतरतो. प्रत्येक दिशेला निदान तीन रन. डबा शक्यतो एकच, या गाडीतून काढून त्या गाडीत त्याच जागी. दोन डबे असतील तर आधी दोन्ही एकाच गाडीत शेजारी लावून दोन-तीन रन मारा, ०.०२ सेकंदांच्या आत जुळले तर ठीक, नाही जुळले तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

रन मारताना गाडी आधी तीन-चार सेकंद पूर्ण थांबू द्या, सरकत सरकत सुटलात तर डबा एकतर रन धरणार नाही नाहीतर चुकीचा धरेल. आणि १०० चा आकडा हवा असेल तर ११०-११५ पर्यंत पाय उचलू नका. डब्यातलं सॉफ्टवेअर वेगाची रेघ थोडी गुळगुळीत करतं, बरोबर १०० ला पाय सोडलात तर ती रेघ तिथे वाकते आणि आकडा बिघडतो. पुढे ब्रेक मारायला किती जागा उरते ते आधी चालत जाऊन बघा. ड्रायव्हरने फोनकडे बघायचं नाही, फोन दुसऱ्याकडे किंवा खिशात, डेटा आपोआप साठतो.

आता मजेचा भाग, ग्राफ. रेसक्रोनो किंवा डब्याच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये दोन रन एकावर एक टाका, आडवी वेळ, उभा वेग. पहिल्यांदा दोन्ही रेघा शून्यावर जुळवून बघा, मग ३० किमीवर जुळवून बघा. शून्यावर जुळवल्यावर पुढे असलेली गाडी ३० वर जुळवल्यावर मागे पडली तर समजा तिने बाजी मारली ती सगळी सुटण्यातच, नंतरचा पिकअप दुसरीचा जास्त आहे. चारही चाकांवर चालणारी आणि मागच्या चाकांवर चालणारी यांत हे हमखास दिसतं. मग जी चा ग्राफ लावा, प्रत्येक गिअरला तो खाली जातो, मॅन्युअल गिअरच्या गाडीत मोठा खड्डा, ड्युअल क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरमध्ये नुसता ओरखडा. खड्ड्यांची रुंदी मोजली की ड्रायव्हरने किती वेळ घालवला ते कळतं, आणि मॅन्युअलवाल्या मित्राला गाडी नाही, हात सुधारायला सांगता येतं. टायर जागेवर फिरला का ते बघायला ओबीडीचा वेग आणि जीपीएसचा वेग एकावर एक टाका, सुरुवातीला ओबीडीची रेघ उसळून वर आणि जीपीएसची आरामात खाली असेल तर तेवढा वेळ रबर जाळण्यात गेला.

आणि ० ते १०० वरच थांबू नका. तो आकडा अर्ध्याहून जास्त टायर, पट्टी आणि ड्रायव्हरच्या पायाचा असतो. पट्टी लांब असेल तर १०० ते २०० काढा, तिथे टायर सहसा फिरत नाहीत, लॉन्चचा संबंध नाही, रोलआउटचा तर प्रश्नच नाही, इंजिनाची ताकद आणि वजन यांचा सरळ हिशोब दिसतो. फक्त वर सांगितलेला उतार इथे जास्त चावतो हे लक्षात ठेवा.

सहा रनमधली कुठली धरायची? सगळ्यात भारी एक रन घेऊन मिरवणं चूक, ती नेमकी उताराच्या दिशेची असते. मी प्रत्येक दिशेची मधली रन घेतो आणि त्या दोघींची सरासरी. दोन गाड्यांमधला फरक जर एकाच गाडीच्या स्वतःच्या रनांमधल्या फरकापेक्षा कमी असेल तर बरोबरी म्हणायचं आणि चहा प्यायचा.

फाइलचं नाव लगेच तिथेच द्या, गाडी, दिशा, कितवी रन, रोलआउट चालू का बंद, तापमान. "रन नवीन शेवटची २" असलं नाव ठेवलंत की महिन्याने तुम्हालाच कळत नाही. मूळ फाइल जपून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नाही, स्क्रीनशॉटमधून रोलआउट नंतर काढता येत नाही.

त्या दोघांच्या गाड्या आम्ही नंतर परत मोजल्या, यावेळी वरचं सगळं पाळून. ० ते १०० मध्ये बरोबरी, फरक ०.०३, जो दोघांच्या रनांमध्येच हरवून जातो. १०० ते २०० ला टर्बोवाला सरळ ०.८ सेकंद पुढे. आता तो ० ते १०० चं नावच काढत नाही आणि दुसरा १०० ते २०० चं.